नारळाआधीचं पापलेट

दिपालीचं काम पुसलं गेलं, हे देवेशला एक ऑगस्टच्या सकाळी कळलं, तेही सरूबाईच्या फोनवरून. सरूबाई ही दिपालीची मावशी. मनोरीच्या होड्यांची मासळी तीच वाटून देते.

"जावई, दर्याला नारळ दिला नाय अजून, होड्या सगळ्या काठाला, नि तुमचा मोबाइल माझ्याकडं पापलेट मागतोय! साठ घरांना! माझी पोर असती तर असं झालं असतं काय?"

देवेशच्या बायकोला, दिपालीला, जाऊन नऊ महिने झाले होते.

दोघं ज्या अंधेरीच्या कंपनीत काम करत, तिचं मासळी घरपोच देणारं अ‍ॅप तिनेच उभं केलं होतं. ऑर्डर, होड्या, पैसे, सगळं एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये. पावसाळ्यातली मासेमारीची सरकारी बंदी एकतीस जुलैला उठली तरी नारळी पौर्णिमेपर्यंत मनोरीची ऑर्डर घ्यायची नाही, हा नियमही त्यातच होता. ती गेल्यावर गार्गी टीम लीड झाली आणि तिने त्या प्रोग्रॅमचे अकरा तुकडे करून एकेक तुकडा वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या स्वतंत्र कप्प्यात, बसवला. एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहावेत म्हणून, असं ती सांगायची. देवेशला ते कधी पटलं नाही. तो आत आला की गार्गी विषय बदलायची. दिपालीचं नाव तर तिच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

तो सरळ गार्गीच्या टेबलापाशी गेला. "नारळाचा नियम कुणी काढला?"

"बस ना आधी."

"बसायला नाही आलो. तिचं एकेक पुसतेयस, कळतं मला."

"वेडा आहेस का रे? मला पापलेट नि बोंबील ओळखता येत नाहीत, मी नियम कशाला काढू? यादीत होतं तसं केलं."

"कुठली यादी?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. यादी जानेवारीतली. नियमापुढे लिहिलं होतं, 'वापरात नाही, काढावा.' खाली नाव देवेशचं.

मग त्याला आठवलं. जुन्या प्रोग्रॅमच्या फाइली वाचून काय ठेवायचं, काय काढायचं याची यादी करायचं काम त्याच्याकडेच होतं. पण फाइल उघडली की पहिल्या ओळीत दिपालीचं नाव यायचं. म्हणून त्याने एकही वाचली नाही. मागच्या तीन महिन्यांत जे चाललेलं दिसलं ते ठेवलं, उरलेलं काढायला सांगितलं. नोव्हेंबर ते जानेवारी. त्या दिवसांत हा पावसाळ्यातला नियम चालणार कुठून?

"घाईत केलंयस हे तेव्हाच दिसलं होतं," गार्गी हळूच म्हणाली. "तुला विचारायचा धीर नाही झाला. तिचं नावही घ्यायचा नाही."

देवेशने साठही ऑर्डरी हाताने रद्द केल्या. सरूबाईला फोन करून चूक आपलीच होती असं सांगितलं.

"मग आता तरी वाचा तिनं लिवलेलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

फाइल त्याने उघडली आहे. पहिल्या ओळीच्या पुढे अजून गेलेला नाही. पौर्णिमेला आठवडा उरला आहे, आणि नियम नव्याने लिहायचा राहिला आहे.