आजपासून हे असंच होतं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे लिफ्टवालाच म्हणत. त्याच्या घरी दर रविवारी दुपारी पाच माणसं जमायची आणि जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडायची. पत्ते नव्हेत, कॅरमही नव्हे. एका कंपनीने राजे, राक्षस, समुद्र, बाजार असं एक अख्खं जग पुस्तकात छापलं होतं. आपण त्यातलं एक माणूस व्हायचं, तोंडाने गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की फासे टाकायचे. खेळ चालवायची लिफ्टवाल्याची बायको. तिची बावीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. कागदावर जे आहे तेच जमिनीवर आहे, असा तिचा खाक्या.

कंपनी अधूनमधून त्या जगात अधिकृत बदल करायची. तसा कागद आला की ती पोलादी पट्टी लावून चिठ्ठी कापायची, पुस्तकातल्या जुन्या मजकुरावर डिंकाने चिकटवायची, वर गार इस्त्री ठेवायची आणि म्हणायची, "आजपासून हे असंच होतं." मग हूं की चूं करायची सोय नाही. लिफ्टवाला खेळात नावाडी असे. एकदा एका चिठ्ठीखाली त्या नावाड्याचा सख्खा भाऊ गेला. मेला नाही, जन्मलाच नव्हता. लिफ्टवाला दोन दिवस घुश्शात होता.

"तोंड पाडू नका," ती म्हणाली. "छापून आलंय."

पुढे तिच्या आजारपणात डॉक्टरांचा रिपोर्ट आला तेव्हा तो म्हणाला होता, दुसरीकडे दाखवू. तेव्हाही ती हेच म्हणाली, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

त्या जगात तीनदिवे नावाचं एक बंदर होतं. पुस्तकात त्याची एकच ओळ: 'लहान बंदर, एक खाणावळ.' बाकी सगळं बायकोचं. खाणावळवाली ती स्वतः व्हायची. घरात नवऱ्याला अहो-जाहो करणारी ही बाई खेळात एकेरीवर यायची. "ए नावाड्या, आधी हात धू. वंगण घेऊन ताटावर बसलास तर उठवीन." नावाड्याच्या हाताला वंगण कुठून येणार? पण लिफ्टवाल्याच्या हाताला असायचं, आणि सगळे हसायचे.

ती जाऊन चौदा महिने झाले. खेळ आता तिचा धाकटा भाऊ चालवत होता. खाणावळवालीला मात्र कोणी हात लावला नव्हता. दर रविवारी शेवटी लिफ्टवाला म्हणायचा, "मी खाणावळीत परत जातो." मग फासे डब्यात जायचे. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला त्याला तेवढं पुरत होतं.

मग कंपनीने जगच बदललं. नवी आवृत्ती आली. सोबत जुनं पुस्तक असणाऱ्यांसाठी बदलांचे अकरा कागद आले. चौथ्या कागदावर होतं: 'तीनदिवे हे बंदर पन्नास वर्षांपूर्वी समुद्रात बुडाले. त्यानंतर तेथे वस्ती झाली नाही.'

लिफ्टवाल्याने कंपनीला पत्र लिहिलं. साधंच. आमचं एक माणूस तिथे आहे, तेवढी एक ओळ ठेवता आली तर बघा. उत्तर आलं: आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे. सोबत भेट म्हणून सात फासे, हिरवे.

त्या रविवारी मेहुणा नवं पुस्तक घेऊन आला. पहिल्यापासून खेळणारी दातांची डॉक्टरीण आली, आणि वर्तमानपत्रात प्रुफं तपासणारा, ज्याला सगळे वेलांटी म्हणत, तोही आला.

"आपल्या टेबलावर जुनंच चालू दे," लिफ्टवाला म्हणाला. "कंपनी काय बघायला येणार आहे?"

"भावोजी, नियम ताईचाच आहे," मेहुणा म्हणाला. "तुमच्या नावाड्याचा भाऊ गेला तेव्हा तुम्ही काय कमी भांडलात?"

"तेव्हा ती होती भांडायला."

"काका, नवं पुस्तक खरंच चांगलं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणजे, चाळल्यावर तरी तसं वाटतं."

वेलांटी म्हणाला, "चुकाही कमी आहेत," आणि खिडकीबाहेर बघू लागला.

लिफ्टवाल्याने नवं पुस्तक जवळ ओढलं. लिफ्टचा दोर बघून ती किती वर्षं चाललीय ते सांगणारा तो माणूस. पुस्तकाची पाठ दोन जागी मोडलेली. कोपऱ्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ. समासात पेन्सिलीने बेरजा, तीन निरनिराळ्या अक्षरांत.

"किती वेळा खेळलात?"

शेवटी वेलांटीनेच तोंड उघडलं. "तीन गुरुवार. डॉक्टरीणबाईंकडे."

"तुम्हाला त्रास नको म्हणून हो काका," डॉक्टरीण म्हणाली. तिचे डोळे भरले होते. लिफ्टवाल्याला त्याचा रागच आला.

मेहुणा खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आज शेवटचं खेळू. तीनदिवेमध्येच. नीट निरोप घ्या. खाणावळवाली मी होतो."

मेहुण्याने घसा साफ केला.

"ए नावाड्या, आधी हात धू. वंगण घेऊन ताटावर..."

बहीण-भावाचा आवाज सारखा. शेवटचा शब्द ओढायची ढबही तीच. कोणी हसलं नाही. वाईट नक्कल असती तर त्याने सोसली असती.

"बस," लिफ्टवाला म्हणाला. "पुन्हा तो आवाज काढायचा नाही. या घरात तर नाहीच."

तो उठला. कपाटातून जुनं पुस्तक, तिची पट्टी, ब्लेड आणि डिंकाची बाटली आणली. चौथ्या कागदावरची ती ओळ कापली. वंगणाच्या हाताला कुठली सफाई! चिठ्ठी तिरकी कापली गेली, तिरकीच बसली. डिंक कडेने बाहेर आला. ती असती तर तिने ओली असतानाच उचलून पुन्हा लावली असती. त्याने अंगठ्याने दाबली. 'एक खाणावळ' हे शब्द आधी दिसेनासे झाले.

तिघं त्याच्याकडे बघत होती. आता ते वाक्य यायला हवं होतं.

"तुझ्या ताईचं ऐकून मी एकदा गप्प बसलो," तो मेहुण्याला म्हणाला. "दुसरीकडे दाखवलं नाही. छापून आलं होतं ना."

मेहुण्याने मान खाली घातली.

लिफ्टवाल्याने पुस्तक मिटलं, वर इस्त्री ठेवली आणि म्हणाला, "आजपासून हे असंच होतं. जा आता. गुरुवारी खेळा."

"आणि तुमचं नवं माणूस?" वेलांटीने दारातून विचारलं. "कोण होणार तुम्ही?"

"कोणी नाही."

मेहुणा नवं पुस्तक काखेत मारून सगळ्यात शेवटी निघाला. जिन्यात त्यांचं हळू आवाजात बोलणं सुरू झालं. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्यातलं कोणीतरी हसलंही. लिफ्टवाल्याने दार लावलं. जेवायला वाढून घेतलं आणि हात न धुता ताटावर बसला.