म्हातारीची सुटी

दात होता. गव्हाणीच्या तळाशी, ओल्या कोंड्याला चिकटलेला, नखाएवढा, आतून पोकळ. त्याला आधी खडाच वाटला, तो फेकून देणार एवढ्यात बोटांनीच ओळखलं... शिंगराचा दुधाचा दात. समोरचा, अगदी मधला. मधला पडला म्हणजे अडीच वर्षं. आणि विकणारा म्हणाला होता साडेतीन. ते साडेतीन त्याने चार महिने घरात, लॉन्ड्रीत, नालबंदाकडे, ज्याला त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की आता तळहातावरच्या त्या दाताकडे बघताना शिंगरानेच आपल्याला तोंडघशी पाडलं असं त्याला वाटलं.

पण फसवलं होतं कोणी? बाजारात त्याने स्वतः ओठ वर करून पाहिलं होतं. सगळे दात दुधाचे, बारीक, पांढरे. तीस वर्षं लॉन्ड्रीची घोडागाडी हाकणाऱ्याला ते दिसलं नाही असं कसं म्हणायचं — दिसलं होतं. "याच्या घराण्यात दात उशिरा पडतात," विकणारा म्हणाला होता, आणि एरवी असलं काही ऐकून जो पोट धरून हसला असता, त्याने गंभीरपणे मान डोलावली. तयार घोडा परवडणार नव्हता, आणि म्हातारीला तर सुटी द्यायची होती.

म्हातारी म्हणजे घोडी. एकवीस वर्षांची. खालच्या हॉटेलातल्या मळक्या चादरी वर लॉन्ड्रीत आणायच्या, धुतलेल्या खाली न्यायच्या. गल्ल्या इतक्या अरुंद की टेम्पो शिरायचा नाही, म्हणून तिची नोकरी टिकली होती. खरारा करताना तो तिला सांगायचा, एवढा उन्हाळा काढ, बाई. मग नवा येईल. मग तू नुसती खा आणि माश्या हाकल.

नवा आला.

"पाहुण्यांचं जेवण झालं का?" बायकोने दारातून विचारलं. शिंगराला ती पहिल्या दिवसापासून पाहुणेच म्हणायची — खातात, पसरतात, कामाला हात लावत नाहीत.

त्याने दात दाखवला.

"अगं बाई! म्हणजे अजून बाळच की हे." ती हसली, मग हसायची थांबली. "मग गाडीला कधी जुंपायचं?"

"बघू."

"तुमचं बघू मला माहीत आहे."

बघण्यासारखं काही नव्हतंच. नालबंदाने महिन्यापूर्वी शिंगराचे गुडघे चाचपून सांगितलं होतं, "हाडं कच्ची आहेत रे. दोन वर्षं ओझं नको. आत्ता जुंपलंस तर जन्माचा लंगडा करशील." आपण तेव्हा वाद घातला होता, साडेतीन, साडेतीन म्हणून. आता दोन वर्षं याने खायचं, आणि ते खाणं कमवायला त्याने दुसऱ्या हॉटेलची फेरीही घेतली होती. त्याने म्हणजे म्हातारीने. जिच्या सुटीसाठी नवा आणला तीच आता दिवसातून दोनदा चढत होती, आणि एवढी साधी गोष्ट कळायला त्याला दात पडावा लागला.

दुपारी, दुसऱ्या फेरीला, चढाच्या मध्यावर म्हातारी थांबली.

अडून बसणारी ती नव्हतीच. आजही अडली नाही, फक्त थांबली, दम खाऊन मग बोलू अशा बेताने. बरगड्या वरखाली होत होत्या, पुढचा डावा पाय तिने जरासा उचलून धरला होता. त्याने उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. चाबूक त्याने जन्मात बाळगला नव्हता. लोक ते बोलून दाखवायचे आणि त्याला ते आवडायचं. थांब हवी तेवढी, त्याने तिला सांगितलं. एवढी दोन वर्षं काढ, मग...

एवढं वर्ष तू काढ — हे आईचं बोलणं. ताईला म्हणायची. ताई शिलाई मशिनीवर, वाकलेली, आणि आई मागे उभी, तो अजून लहान आहे गं, एवढं वर्ष काढ. ताई काढायची. मग पुढचं वर्ष. मी पंधराचा झालो तरी लहान, अठराचा झालो तरी लहान... आणि माझं लहानपण संपलं तोवर ताईला बघायला येणारी माणसं यायची बंद झाली होती. पण दमून मशीन थांबलेली असली आणि मी दारातून "ताई" म्हणून हाक मारली की पुन्हा चालू व्हायची. भावावर किती जीव, शेजारीपाजारी म्हणायचे. आई तर मशिनीचा आवाज बंद झाला की मला मुद्दाम पाठवायची. जा रे, ताईपाशी बस जा.

मुद्दाम पाठवायची... म्हातारीच्या मानेवरचा हात त्याने काढून घेतला. कारण मघापासून तिथे उभं राहून आपण काय करतोय ते त्याला कळलं होतं. तो वाट पाहत होता. लॉन्ड्रीच्या मागे तबेला, आणि शिंगराचा खुंट तबेल्यात नाही, बाहेर, चढाच्या कडेला. त्याला ऊन लागावं म्हणून, असं बायकोला सांगितलेलं. गाडीची चाहूल लागली की ते खिंकाळायचं, आणि ते खिंकाळलं की म्हातारी, ना तिच्या रक्ताचं ना नात्याचं, तरी कान टवकारून उरलेला चढ ओढायची. पहिल्याच आठवड्यात हे त्याच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याने खुंट हलवला. चाबूक लागतो कशाला?

वरून हाक आली. कोवळी, चिरकी.

म्हातारीचे कान उभे राहिले. उचललेला पाय तिने खाली टेकला.

"थांब गं," तो म्हणाला. "नको. घाई नाही."

पण तिने पट्ट्यात खांदा घातला होता. चाक दगडापासून सुटलं. पुन्हा हाक आली. गप्प, तो मनात ओरडला, गप्प बस रे बाळा, आजच्या दिवस तरी... आणि तो तसा ओरडत असतानाच, हे खरंच गप्प बसलं तर या चादरी वर कशा न्यायच्या, तेही मनात आलं. दोन्ही सारखंच खरं होतं. तो म्हातारीच्या बाजूने चालत राहिला, आणि तिच्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.