बार्बराबाईंचं दुसरं कडवं

कॅनडातल्या मिल्टन गावच्या त्या घरात बार्बराबाईंचं नाव इतकं घेतलं जाई, की शिवरामला बरेच दिवस वाटत होतं, ही पद्माची भिशीतली कोणी नवी मैत्रीण असावी. बाई होत्या व्हेनिसच्या, आणि त्यांना जाऊन तीनशेहून जास्त वर्षं लोटली होती.

त्यांना घरात आणलं अमृताने. ही पद्मा-शिवरामची एकुलती एक लेक टोरंटोत युरोपचं जुनं गाणं शिकत होती, आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या मैफलीसाठी तिने बार्बरा स्ट्रोझीने रचलेली गाणी निवडली होती. बेसमेंटमध्ये पद्मा ड्रायरमधले कपडे काढत होती तेव्हा अमृता म्हणाली, "आई, शी नेव्हर गॉट अ जॉब. चर्चमध्ये नाही, राजाच्या दरबारात नाही. घरच्या बैठकीत गायची, चार मुलं होती. अँड स्टिल शी प्रिंटेड हर म्युझिक. स्वतःच्या नावाने."

पद्माच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. नागपूरला तिची आत्या जात्यावर बसून बाबासाहेबांवर गाणी रचायची. सगळी वस्ती ती गाणी म्हणायची. पण ती कोणाची, हे कोणी विचारलं नाही आणि आत्यानेही कधी सांगितलं नाही. आता पद्माला त्यातल्या दोन ओळी आठवत, त्याही धड नाहीत. त्या दिवसापासून तिने त्या परक्या बार्बराला 'बाई' लावलं.

खरी काळजी वेगळीच होती. आदल्या वर्षी एका स्पर्धेत अमृताचा श्वास गाण्याच्या मध्येच संपला होता आणि ती स्टेजवरून सरळ निघून आली होती. तेव्हापासून ती गायची ती फक्त बेसमेंटमध्ये. "या वेळी थांबले तर आय ॲम डन," तिने सांगून टाकलं होतं. "बँकेत अप्लाय करते." बँक काही वाईट नाही, असं शिवराम बोलून गेला, तर त्या संध्याकाळी मायलेकींनी त्याला जेवायला वाढलं, पण बोललं कोणी नाही.

बेसमेंटमध्ये मात्र पोरगी काय गायची! एका गाण्यात सूर रडवेला होऊन पायरी पायरी खाली उतरे, आता बुडाला म्हणावं तेवढ्यात वळून वर येई. तिथे पद्माच्या तोंडून न चुकता "वा!" जाई. आत्याच्या अंगणात वडिलांची भीमगीतांची पार्टी बसे, आणि ती लहानपणी तिथे कोरसला बसलेली. तिथे आवडलेलं पोटात ठेवायची रीतच नव्हती. अमृता नेमक्या त्या "वा"च्या आडोशाने श्वास घेते, हे मात्र दोघींपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मैफलीच्या दिवशी गाडीतच अमृताने बजावलं, "आई, वा नाही. मध्ये टाळ्या नाहीत. पीपल जस्ट सिट."

"आणि आवडलं तर?"

"देन यू सिट अँड लाइक इट. प्रॉमिस?"

पद्माने वचन दिलं.

जुन्या चर्चमधल्या बाकांवर माणसं अशी गप्प बसली होती, की पद्माला आपल्या बांगड्यांची लाज वाटली. हार्प्सिकॉर्ड वाजू लागलं; पियानोचंच हे जुनं नातलग, पण आवाज तार छेडल्यासारखा. ते रडवेलं गाणं आलं. सूर खाली उतरला, वळला, आणि पद्माने ओठ घट्ट मिटून "वा" गिळला. अमृता पुढे गेली खरी, पण श्वास न घेताच. ओळीच्या शेवटी आवाज विरला. तिने कसंबसं कडवं संपवलं आणि तिची नजर बाजूच्या दाराकडे गेली. स्पर्धेच्या दिवशी ती अशाच दारातून बाहेर पडली होती.

आणि तेव्हा पद्माच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरीचा श्वास आपण गिळला.

दुसरं कडवं सुरू झालं. चाल तीच, म्हणजे ती जागाही परत येणार. शिवराम कपाळाला हात लावून बसला होता. समोर परीक्षक. दिलेलं वचन मोडायचं, तेही भर चर्चमध्ये! सूर खाली आला. वळला.

"वा!" पद्मा म्हणाली, चांगलं खणखणीत.

चार माना वळल्या. अमृताची छाती श्वासाने भरली, खांदे सैल झाले, आणि वर गेलेला आवाज त्या उंच छताखाली असा पसरला, की मागे वळलेली डोकी पुन्हा पुढे झाली. गाणं शेवटापर्यंत गेलं. टाळ्या वाजल्या तेव्हा पद्माला समोरचं काही दिसेना. तिने मनातल्या मनात हात जोडले. बाई, तुम्ही नाव घालून छापलंत म्हणून हे माझ्या लेकीपर्यंत पोचलं. तुमचे उपकार फार झाले. आणि आत्या, तुझेही. दाद द्यायची ती मोकळ्या गळ्याने, हे तुझ्याच अंगणात शिकले.

बाहेर कोटांच्या गर्दीतून अमृता आली. पद्मा घाईघाईने म्हणाली, "चुकलं माझं गं. वचन मोडलं."

अमृताने तिला गच्च धरलं.

"पहिल्या कडव्याला काहून गप्प बसलीस गं?" नागपूर न पाहिलेली पोरगी आईच्याच बोलीत म्हणाली. "आय वॉज वेटिंग फॉर यू."