नाथाजीची सावड

"ज्यानं कुणी हे पुस्तक लिहिलंय ना, त्यानं माणूस बघितलेलाच न्हाई. नुसतं हात मोजल्यात. मोजल्यात आन् वजाबाकी करून मोकळा झालाय."

लालासाहेबाने डाव्या हाताने फासे फळीवर आपटले. एक फासा उडून हळदीच्या पोत्यामागे गेला. गुणमालाने तो शोधून आणला, फ्रॉकला पुसावा तसा ओढणीला पुसला, पण पिवळा तो पिवळाच राहिला. सांगलीतल्या त्या वखारीच्या माडीवर पिवळं होत नाही अशी वस्तू नव्हती.

१९७८ सालचा हिवाळा. वखार बाळगोंडाच्या घरची. बाळगोंडा कराडला इंजिनिअरिंग करून आला होता आणि बापाच्या अडतीवर बसून कंटाळला होता. त्याच्या अमेरिकेतल्या चुलतभावाने त्याला एक खेळ पाठवला. खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणि दोन फासे. एकाने पंच व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. अवकाशात यान, लांबचे तारे, चंद्रावरची गावं. आपला माणूस काय करतो ते आपण बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार, पण अंगात त्या कामाचं कसब असेल तर तेवढे गुण फाशात मिळवायचे. कसब मोठं तर फासा थोडका पडला तरी भागतं.

बाळगोंडा पंच. त्याची बहीण गुणमाला, सांगलीतल्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणारी. त्याचा कराडचा दोस्त दादासो, साखर कारखान्यात फिटर. आणि चौथा लालासाहेब, वखारीच्या किल्ल्या सांभाळणारा. आठवडाभर तो बाळगोंडाला मालक म्हणे. रविवारी दुपारी माडीवर आला की नावाने हाक मारी. तसं ठरलंच होतं.

लालासाहेब खंडाळ्याकडचा. फौजेत ट्रक चालवायचा. डोंगरातल्या रस्त्यावर दरड आली आणि उजवा हात मनगटापासून गेला. लढाईत गेला असता तर गावाने वेशीत कमान बांधली असती. दगडाखाली गेला, म्हणून कुणी नारळसुद्धा फोडला नाही.

खेळात त्याने माणूस केला त्याचं नाव नाथाजी. आणि नाथाजीला त्याने एकच हात दिला.

"अवो, खेळात तरी दोन घ्या की!" दादासो म्हणाला होता. "हितं कोण इचारतंय?"

"घेतलं आस्तं रं. पर सांजच्याला हितनं उठताना काढून ठेवाय लागलं आसतं."

बाळगोंडाने मग पुस्तक चाळलं आणि वाचून दाखवलं. हात नसेल तर यान चालवण्यात तीन गुण वजा. नाथाजीच्या अंगात चालवण्याचे होतेच मुळी दोन. म्हणजे ज्याने जन्मात कधी चाक धरलं नाही त्याच्याही खाली एक. लालासाहेबाला दुसरं काहीच नको होतं. बंदुका नकोत, सोनं नको, तारे नकोत. त्याला चालवायचं होतं. तेवढंच पुस्तकाने काढून घेतलं, म्हणून ती आपटाआपटी.

"खोडून टाकू की ते," दादासो म्हणाला. "तसं बी आपुन निम्मं पुस्तक बदललंय."

ते खरं होतं. पुस्तकात बंदुकांचीच कसबं डझनभर होती. दादासोने ती वाचून विचारलं होतं, ह्या साहेबाला मारामारीबिगर दुसरं काय येतं का न्हाई? मग त्यातली बरीचशी काढून त्यांनी आपली घातली. भार बांधणं. नाक्यावर बोलणं. वाट लक्षात ठेवणं. बिघडलेलं तारेनं चालू करणं, हे दादासोचं. ज्याने पुस्तक लिहिलं तो सांगलीला तपासायला थोडाच येणार होता!

"खोडायचं न्हाई," लालासाहेब म्हणाला. "हात न्हाई म्हंजे न्हाई. लबाडी कशापायी? पर न्हाई तर न्हाई, दुसऱ्याचा मागू की. आमच्याकडं सावड करत्यात ना, तशी."

सावड सांगायला कुणाला लागत नव्हती. ज्याच्याकडे एक बैल तो दुसऱ्या एक बैलवाल्याला गाठतो, दोघांचा मिळून औत होतो. आज तुझं रान, उद्या माझं. पैसा नाही, उपकार नाही.

पण पुस्तकात ती बसेना. पुस्तकाचं म्हणणं, ज्याचं कसब त्याच्यापाशी. दोघं मिळून एक काम करायला लागले तर ज्याचं मोठं त्याचंच धरायचं, दुसऱ्याने नुसतं उभं राहायचं. गुणमालाने पेन्सिल घेतली. दुपारभर चौघं भांडले. शेवटी नियम झाला तो असा: एकाने आपल्या कसबाचे गुण दुसऱ्याला द्यायचे. ज्याने घेतले त्याने सावड फेडायची, म्हणजे देणाऱ्याने पुढे हाक मारली की आपलं कसब घेऊन जायचं.

"आणि फेडली नाही तर?" गुणमालाने विचारलं.

"न्हाई कशी फेडंल?" लालासाहेबाला प्रश्नच कळला नाही.

त्याच दुपारी यान उडालं. त्याचं नाव कोयना. दगडांच्या भोवऱ्यातून ते काढायचं होतं. गुणमालाच्या खेळातल्या यंत्रवाल्या राजमतीने नाथाजीला हात दिला.

"गिअर माजा डाव्या हातानं. स्टिअरिंग तुजं," लालासाहेब म्हणाला. "म्या सांगतो तसं फिरवायचं. आधीच न्हाई फिरवायचं, सांगितल्यावर."

"बरं, लालाभाऊ."

तो फळीपाशी पुढे सरकून बसला. डावा हात हवेत गिअर शोधू लागला, आणि सापडला की! पाय खालची फळी दाबू लागले. बाळगोंडा दगड सांगत गेला, लालासाहेब वळणं घेत गेला, गुणमाला हवेतलं चाक फिरवत हसत होती. फासे पडले. सावडीचे गुण मिळवले आणि जमलं. दादासोने तोंडाने भोंगा वाजवला तो खाली हमालांना ऐकू गेला. लालासाहेबाच्या कपाळावर घाम आला होता. थंडीत.

मग रविवारमागून रविवार गेले. कोयना कुठे कुठे फिरली. नाथाजीला हात द्यायला दोघंही आधीच तयार असत. त्याने मागायच्या आत गुणमाला म्हणे, घ्या माझे. दादासो म्हणे, माजं बी घ्या, लागत्याल.

माणसं चांगली होती. हेच तर दुखणं. वाईट माणसाला शिवी देता येते.

एका रविवारी असं झालं. दादासोचा माणूस अर्जुना एका चंद्रावरच्या नाक्यावर अडकला. कागद अपुरे, नाकेदार खडूस. बोलून सुटायचं होतं. नाक्यावर बोलण्यात साऱ्या यानात नाथाजीसारखा कुणी नव्हता, ते कसबच मुळी लालासाहेबाने घातलेलं. तो खाकरून सरळ बसला. दादासोने फासे उचलले आणि एकट्यानेच टाकले. पडले दोन आणि एक. अर्जुना कोठडीत गेला.

"मला का हाक मारली न्हाईस?" लालासाहेब म्हणाला.

"असू द्या की, लालासाहेब. तुमाला कशाला तरास? तुमी आपलं यान बघा."

असू द्या.

हा शब्द लालासाहेबाच्या ओळखीचा होता. खाली वखारीत ट्रक भरताना तो रोज ऐकायचा. पहिल्या आठवड्यात त्याने दोराचं एक टोक दातात धरून, डाव्या हाताने पीळ देऊन पोत्यांवरची गाठ आवळली होती. मुकादमाने येऊन त्याच्या हातातला दोर हळूच काढून घेतला. असू द्या, लालासाहेब. तेव्हापासून गाडी भरताना तो किल्ल्या घेऊन बाजूला उभा राहायचा. बाळगोंडा वरून बघायचा, मान हलवून हसायचा. प्रेमानेच हसायचा.

"फासे टाका," बाळगोंडा पंचाच्या आवाजात म्हणाला. "अर्जुनाला नंतर सोडवू. यान खाली ओढलं जातंय. नाथाजी काय करतो?"

"माझे गुण घ्या, लालाभाऊ," गुणमाला म्हणाली.

"नाथाजी गप बसलाय."

"आं? लालासाहेब, यान आपटेल की."

"आपटू दे."

दादासो हसायला गेला आणि तोंड बघून थांबला.

"एवढ्या रविवारात नाथाजीनं किती सावड घेतली ते इचारू नका," लालासाहेब म्हणाला. आवाज चढला नव्हता. "फेडायला कुणी बोलावलं? कवा? गुणमाला, तुजं यंत्र बिघडलं तवा तू दादासोचं घेतलंस, त्यानं तुजं घेतलं. ती सावड. माज्याशी करताय ती काय हाय?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..." गुणमाला म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ती खाली बघू लागली.

"गावाकडं हेच झालं. हात गेला आन् सारा भावकीचा औत माज्या रानात. नांगरलं, पेरलं, काढलं बी. म्या चार भाकरी घेऊन बांधावर. म्हटलं, तुमच्या रानात म्या येतो, मोट धरतो, पाणी पाजतो. तर काय? असू दे लाला. जोंधळा माज्या रानात उभा ऱ्हायला, म्या न्हाई ऱ्हायलो. लोकास्नी वाटतंय मी नोकरीपायी सांगलीला आलो. ज्याला कुणी बोलवत न्हाई त्याची सावड न्हाई, बाळगोंडा. ती भीक. पुस्तकवाल्यानं तीन गुण काढलं, त्यो परका हाय, त्याला माजं तोंड ठावं न्हाई. तुमी तर सगळंच काढलं की रं."

खाली कुणीतरी वखारीचं दार ढकललं. माडीवर उन्हाच्या पट्ट्यात हळद तरंगत होती. बाळगोंडाने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दादासोने घसा साफ केला. "अर्जुना कोठडीतनं हाक मारतोय," तो म्हणाला. "नाथाजी, ये गड्या. तुज्याबिगर सुटत न्हाई."

पहिल्यांदाच तो लालासाहेबाला गड्या म्हणाला होता. लालासाहेबाच्या ओठाचा कोपरा हलला. त्याने फासे उचलले, मुठीत खुळखुळवले, आणि मूठ तशीच बंद ठेवली.

"येतो. अर्जुनाला सोडवतो, यान बी उचलतो," तो म्हणाला. "पर हे खेळातलं झालं."

तो उठला आणि बाळगोंडासमोर उभा राहिला. रविवार असून त्याने नावाने हाक मारली नाही.

"मालक, पंच म्हणून न्हाई, मालक म्हणून सांगा. उद्या खाली गाडी भरायची हाय. गाठ मारायला मला हाक मारणार का न्हाई? व्हय म्हणा, न्हाई म्हणा. 'असू द्या' सोडून काय बी म्हणा. पर म्हणा."