काल संध्याकाळी कोण गायलं

या, जरा जवळ सरका. आमच्या वाइओलाआत्याची गोष्ट सांगतो. इथलीच, सामोआतल्या सवाई बेटाच्या आमच्या टोकाची. चर्चमधलं गाणं मी बसवतो, त्यामुळे हे सगळं माझ्या देखत घडलं.

आत्याला साखरेचा आजार. पायाची जखम काही केल्या भरेना, आणि पट्टी बदलायला दर वेळी बसने लांबच्या इस्पितळात जायचं. गावात कायमची नर्स द्या, म्हणून आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, म्हातारी माणसं जास्त त्या गावांना नर्स आधी. जनगणनेप्रमाणे तुमचं गाव तरुणांचं आहे.

जनगणनेच्या कार्यालयात आत्याची भाची फेतू काम करते. तिला ते आकडे खटकले. कागदावर विशीतिशीची एवढी माणसं, मग गावात बाळं का जन्मत नाहीत? ती स्वतःच आली आणि आत्यापासून सुरुवात केली.

"घरात कोण कोण राहतं, आत्या?"

"मी, इओआने, सामासोनी, दोघी सुना."

"इओआने ऑकलंडला असतो ना?"

"कामाला गेलाय. राहतो इथंच."

"इतकी वर्षं?"

"तुझ्या सरकारला घाई असेल, मला नाही. पोटच्या पोराचं नाव घरातून काढू? तो काय वारलाय?"

जनगणनेला घरोघरी हेच उत्तर मिळालं असणार, हे फेतूच्या ध्यानात आलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, चर्चच्या गाण्यात पुरुषांचा खालचा सूर कोण धरतं?"

"दोन म्हातारे," मी म्हटलं. "त्यातल्या एकाला दम लागतो."

तेवढ्यात सांजेच्या प्रार्थनेचा शंख वाजला. रस्ता ओस पडला, घराघरातून गाणं सुरू झालं. आम्हीही तिथंच बसून गायलो. आमेन झाल्यावर फेतूने हळूच विचारलं, "आत्या, तुझ्या घरचं आत्ता कोण गायलं?"

आत्याने चटईचा काठ चाचपला. प्रार्थनेच्या बाबतीत ती खोटं बोलणार नव्हती.

"मी एकटी," ती म्हणाली. "तू गायलीस, पण तू पाहुणी. आणि तुझा सूरही लागला नव्हता."

मग फेतूने घरोघरी दोन प्रश्न विचारले. आधी, तुमची माणसं कोण; सगळी नावं लिहून घेतली, एकही गाळलं नाही. नंतर, काल संध्याकाळी घरात कोण गायलं. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून खरं गाव दिसलं: म्हातारे, आजीआजोबांकडे ठेवलेली थोडी नातवंडं, मधलं वय जवळजवळ नाहीच.

त्या नव्या आकड्यांवर नर्स आली, पण उशिरा. तोवर आत्याच्या पायाची दोन बोटं गेली होती. जखम मात्र भरली. पट्टी बांधताना ती नर्सला म्हणते, "सावकाश बांध, बाई. आता उरलीत ती मोजून घे."

प्रार्थनेत ती अजून सगळ्यांची नावं घेते. तुमच्या घरी संध्याकाळी दिवा लागेल, तेव्हा आमच्या आत्याची आठवण काढा. आणि इओआनेचीही. खालचा सूर तो फार छान धरायचा.