तातडीच्या दोन खाटा

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट. आता माझा कॅनव्हास विरला आहे, सांधे गंजले आहेत. पण डेन्व्हरजवळच्या एका ज्यू सॅनेटोरियममध्ये एके काळी माझ्यावाचून पान हलत नसे.

तिथेच क्षयातून बऱ्या झालेल्या एका सुताराने मला आणि माझ्या बहिणीला घडवले. न्यूयॉर्कच्या शिवणखोल्यांतून आगगाडीने रोगी येत. पलंग कायम भरलेले. कोणी रक्त ओकत दारात आलाच, तर त्याच्यासाठी आम्ही दोघी दाखल-खोलीत उभ्या असू. "या दोघींनी माझ्यापेक्षा जास्त जीव वाचवलेत," असे डॉक्टर म्हणत, तेव्हा मी हरखून जाई.

मग एका हिवाळ्यात माझ्या पायाचा बोल्ट निखळला. "उद्या बसवतो," वॉर्डातला मदतनीस नोखेम म्हणाला. त्या उद्याला तीन महिने झाले. मी चादरींच्या कपाटाला टेकून राहिले.

मार्चमधल्या एका दुपारी दोघे रोगी आले. इट्टा ही शिवणकाम करणारी, जेमतेम एकोणीस वर्षांची. तिचे रक्त थांबत नव्हते. तिला धरून आणणारा झाल्मन हा पन्नाशीचा टोप्या शिवणारा. दोघांची ओळख गाडीतच झालेली.

दाखल-खोली सांभाळणाऱ्या पेशाबाई म्हणाल्या, "खाट एकच आहे हो."

"मग विचारता काय? पोरीला घ्या. मला काय धाड भरलीय!"

"डॉक्टर येईपर्यंत बसा तरी. चेहरा बघा, पांढराफटक पडलाय."

"बाई, हा चेहरा जन्मापासून असाच आहे. आई म्हणायची, माझ्या सासरकडून आलाय."

पेशाबाईंना हसू आले. त्यांनी त्याला मुक्कामासाठी गावातल्या एका खाणावळीचा पत्ता दिला. "सोमवारी या. पलंग रिकामा होईल."

"येतो. चहा मात्र लिंबू पिळून हवा."

दाराशी त्याने रुमाल तोंडाला लावला. तो लाल झालेला मला दिसला. मी तीन पायांची, मुकी, करणार काय? तेवढ्यात इट्टाला पुन्हा उबळ आली आणि पेशाबाई तिच्याकडे धावल्या.

रविवारी खाणावळवाली आली. "तुमचा माणूस सकाळी गेला, बाई. डॉक्टरला बोलावते म्हटलं, तर म्हणाला, कशाला त्रास, उद्या माझा पलंग आहेच."

ते ऐकून नोखेम पाना घेऊन आला आणि माझ्यापाशी बसला. बोल्ट बसला तसा तो रडू लागला. "पाच मिनिटांचं काम होतं हो!"

"तू एकटा नाहीस," पेशाबाई म्हणाल्या. "रुमाल मी पाहिला होता. पण तो हसत होता ना. मला ते हसणं सोयीचं वाटलं."

इट्टा वर्षभराने बरी झाली. झाल्मनच्या स्मृतिदिनी दिवा लावायचा म्हणून तिने त्याचे पूर्ण नाव विचारले. ते कोणालाच माहीत नव्हते. जो दाखल झाला नाही, त्याची नोंद कोण करणार? तिने दिवा लावला तो नुसत्या 'झाल्मन'साठी.

त्यानंतर मी कितीतरी जणांना पाठीवर घेतले. पण ज्याला घेता आले नाही, तोच मला जड वाटतो.

मित्रांनो, मोडलेली वस्तू उद्यावर टाकू नका. आणि कोणी हसत हसत "मला काही झालं नाही" म्हणाला, तर त्याला जाऊ देऊ नका. हाताला धरून खाली बसवा, आणि पुन्हा एकदा विचारा.