मधली दहा वर्षं

आमचे हे वेल्डर. आयुष्य काचेआडून जाळाकडे बघण्यात गेलं. आता संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणतात. पन्नाशीला काम सोडायचं, एवढं आमचं ठरलं होतं.

बँकेतल्या सल्लागारबाईंनी आमची कागदपत्रं चाळली. "निवृत्तीच्या खात्यात टाकलंत की आज कर वाचतो. पण साठीपर्यंत हात लावायचा नाही, लावलात तर दंड. साध्या खात्यातून गुंतवलंत तर नफ्यावर कर भरा, पण पैसा हवा तेव्हा तुमचा. तुम्ही तर सगळंच निवृत्तीच्या खात्यात कोंबलंय. मधली दहा वर्षं काय खाणार?"

कर वाचवायला मी ते खातं उघडलंच नव्हतं. ते उघडलं होतं थोरल्या दिरांपासून वाचायला. त्यांचं कधी छप्पर गळायचं, कधी गाडी बंद पडायची, हे देत राहायचे, आणि मऊ लागलं की माणूस कोपराने खणतोच. ह्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द घालायला देव विसरला. "पैसे अडकलेत दादा, साठीशिवाय निघत नाहीत," एवढं मात्र मग जमायला लागलं, तेही खाली मान घालून.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साधं खातं उघडूया. पण आता सांगायला कुलूप नसेल. 'नाही' तुम्हालाच म्हणावं लागेल."

"म्हणेन," हे म्हणाले. मला काडीचाही भरवसा नव्हता.

त्या खात्यात जरा कुठे पैसे साठायला लागले, तेवढ्यात एका रविवारी दीर हजर. पोराला दुकान टाकून द्यायचं होतं.

"थोडा हातभार लाव रे."

मी स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून कान टवकारले.

"पैसे अडकलेत, दादा..." ह्यांनी सुरुवात केली आणि अडखळले. खोटं बोलणं ह्यांना कधी जमलेलं नाही. "नाही. अडकलेले नाहीत. आहेत. पण मी देणार नाही. डोळे पार जायच्या आत मला काम सोडायचंय. ते पैसे त्यासाठी आहेत."

संपलं, आता हे घर दिरांना तुटलं, असं मला वाटलं. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता मीच घाबरून दाराशी आले.

"डोळ्यांचं कधी बोलला नाहीस," दीर म्हणाले.

"कसं बोलणार? तू अडचणीत असायचास."

"आणि मला वाटायचं, तुझ्याकडे उरतंय म्हणून देतोस. वेड्या, नाही म्हणायचं की. मी काय परका होतो?"

दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही. दीर जेवायला थांबले. मी दिरांना आग्रह करून वाढलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो आग्रह खरा होता.